सतरा नंबर

यंदाच्या दिवाळी पहाटेला मी स्टेजवर नव्हते. एरवी माझी जागा ठरलेली, गाणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे, तानपुरा उभा धरून, चेहरा शक्य तितका कोरा ठेवून. या वेळी बोट दुखावलं होतं, म्हणून मंडळाने मला मैदानाच्या मधोमध, साउंडवाल्या काकांच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. काम काय, तर स्टेजवरून कुणी काही खुणावलं की काकांच्या लक्षात आणून द्यायचं. काकांच्या लक्षात काही आणून द्यावं लागत नाही हे लगेचच कळलं, आणि मी निवांत अहिरभैरव, हा सकाळचा राग, ऐकत बसले. विलंबित अजून पुरता स्थिरावला नव्हता. गायिकेने स्वर लावता लावता समोरच्या मॉनिटरकडे, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरकडे, बोट दाखवलं आणि तेच बोट दोनदा वर केलं. म्हणजे, माझा आवाज मला आणखी द्या. काकांनी मोठ्ठी मान डोलावली, उजवा हात स्टेजवरून दिसेल असा उचलला, मिक्सरवरचा एक नॉब दोन बोटांत धरून सावकाश फिरवला आणि वर बघितलं. तिने षड्ज लावून पाहिला, डोळे मिटले, समाधानाने मान हलवली. गाणं पुढे गेलं. माझी नजर सहज त्या नॉबवर गेली. मिक्सरच्या खालच्या कडेला चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने लिहिलेलं असतं: गायन, पेटी, तबला, डग्गा, तानपुरा, निवेदन. काकांचा हात होता सतरा नंबरवर. सतराखालची पट्टी कोरी होती.

सतरा नंबरच्या मागे वायरच नव्हती.

आधी हसू आलं. मग ते हसू घशातच राहिलं, कारण मीही इतकी वर्षं हेच करत आले आहे. "काका, तानपुरा थोडा द्या ना मॉनिटरमध्ये," असं म्हणायचं, समोरून मान डोलावली गेली की कान टवकारायचे, आणि खरोखरच तानपुरा उजळ ऐकू यायचा. जोडीच्या मैत्रिणीकडे बघून "आता बरं आहे" अशी खूणही करायची. त्यातला कितीदा उजळलेला तानपुरा मिक्सरमधून आला होता आणि कितीदा माझ्याच डोक्यातून? फराळाला बसले तरी ते डोक्यात घोळत होतं. चिवड्यातले दाणे निवडून खात होते आणि जुन्या मैफिली एकेक करून तपासत होते, हिशोबाची जुनी वही काढून बसावं तशी.

स्टेजवरून गाणं कसं ऐकू येतं ते खाली बसणाऱ्याला सांगून पटत नाही. मुख्य स्पीकरांची तोंडं लोकांकडे असतात, आपल्याकडे त्यांची पाठ. पाठीकडून येतो तो नुसता घुमारा, व्यंजनं गळून पडलेला. तानपुऱ्याच्या जागेवरून गायकाचा आवाज तर उलटा येतो. त्याचं तोंड पलीकडे, त्यामुळे शब्द समोरच्या इमारतीवर आपटून परत आले की कळतात. तबला मात्र कानाशी. चाटेवरची बोटं, शाईवरची थाप, मध्येच हातोडीची टिकटिक, सगळं कोरडं आणि जवळ. पेटीवाल्याला पेटीचा भाता ऐकू येतो, तबलजीला पेटी ऐकू येत नाही, आणि गायकाला स्वतःचा आवाज अर्धा हवेतून आणि अर्धा कवटीच्या हाडांतून मिळतो. त्याचा त्याला ऐकू येणारा भरदार आवाज जगात दुसऱ्या कुणीच ऐकलेला नसतो. म्हणून तर रेकॉर्डिंग ऐकताना सगळे पहिल्यांदा तोंड वाकडं करतात. पहिल्या रांगेतले आजोबा मूळ तबला आणि स्पीकरमधला गळा ऐकतात, शेवटच्या रांगेत दोन्ही स्पीकरमधूनच येतात आणि सोबत रस्त्यावरची रिक्षा. म्हणजे एका मैदानावर एकाच वेळी निदान सहा-सात वेगवेगळी गाणी चाललेली असतात. त्यातलं खरं कुठलं, असं विचारलं तर प्रत्येक जण स्वतःकडे बोट दाखवेल.

काका तेवढे दाखवणार नाहीत. खुर्चीत बसून गाणं ऐकणं म्हणजे त्यांना काम सोडून बसणं वाटतं. अर्धा वेळ ते खुर्चीत नसतातच. हल्ली टॅबलेट हातात घेऊन मैदानभर फिरता येतं, कुठल्याही कोपऱ्यातून फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, हलवता येतो. पूर्वी एक पोरगा शेवटच्या रांगेत उभा करायचे. तो हाताने वर-खाली करायचा आणि काका त्याप्रमाणे आवाज कमी-जास्त करायचे. "तो पोरगा जास्त चांगला होता," असं काका म्हणतात. टॅबलेट चांगलं असलं तरी कान आपलेच न्यावे लागतात, आणि आपले कान दिवसभर ढोल ऐकून आलेले असू शकतात. (काकांचं वर्षाचं पोट गणपती आणि लग्नं भरतात, शास्त्रीय गाण्याचे कार्यक्रम ते हौसेने घेतात. आमच्या मंडळाचं बजेट बघता हौस हाच शब्द बरोबर आहे.)

दिवाळी पहाटेची एक गंमत अशी की साउंड चेक पहाटे करताच येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा केंद्राचा नियम. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला तेव्हापासूनच्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफिली ज्या नियमाने दहाच्या काट्याला बांधल्या, तोच हा. रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचे राग त्याने माईकवरून जवळपास हद्दपार केले, आणि त्यामानाने सकाळच्या रागांना दिवाळीच्या मैदानांनी हात दिला. तर चेक होतो आदल्या संध्याकाळी, फटाक्यांच्या आवाजात, रिकाम्या खुर्च्यांसमोर. काका एकेक माईक उघडतात आणि आवाज मुद्दाम इतका वाढवतात की तो शिट्टी मारण्याच्या बेताला येतो. माईकचा आवाज स्पीकरमधून बाहेर, स्पीकरचा परत माईकमध्ये, या फेऱ्यात जो स्वर सगळ्यात आधी तग धरतो तो कोकलतो. तो कुठला हे काका कानाने ओळखतात, "साडेतीनशे... नाही, तीनशे पंधरा," असं पुटपुटतात आणि एकतीस पट्ट्यांच्या इक्वलायझरवरची नेमकी ती पट्टी खाली ओढतात. मग पुन्हा आवाज वाढवायचा, पुढची शिट्टी शोधायची. आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये स्वरज्ञानाची एवढी कडक परीक्षा कुणी घेत नाही. आणि इतकं करून पहाटे मैदानात माणसं भरली की सगळं बदलतं. रेशमी साड्या, शाली, स्वेटर, कानटोप्या बारीक आवाज पिऊन टाकतात. आदल्या संध्याकाळी जो गळा टोचत होता तो सकाळी मऊ लागतो.

माईक जितके उघडे तितका धोका जास्त, हेही मला त्या संध्याकाळी नीट कळलं. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतचं अंतर तीन डेसिबलने घटतं. म्हणून निवेदिका खाली बसली रे बसली की काका तिचा माईक बंद करतात. तिला वाटतं तिच्या खोकल्याची लाज राखली. गायकाचा माईक अर्थातच अठ्ठावन्न, म्हणजे शुअरचा एसएम अठ्ठावन्न. १९६६ साली आलेला हा माईक आजही गावजत्रेपासून मोठ्या सभागृहापर्यंत सगळीकडे तसाच उभा आहे. त्याची जाळी कितीही चेपलेली असो, काका त्याच्याबद्दल घरच्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. तो समोरचं ऐकतो आणि बरोबर पाठीमागचं जवळजवळ ऐकत नाही, त्यामुळे मॉनिटर ठेवायचा तो नेमका त्याच्या पाठीशी. गायिकेने पाणी पिताना माईक सहज तिरपा केला की हे सगळं गणित सरकतं. मी स्टेजवर असताना माईक वळवण्यावरून काका का चिडायचे ते आता समजलं.

मिक्सर लांबून बघितला की भीती वाटते, पण तो म्हणजे एकच उभी पट्टी पुन्हा पुन्हा मांडलेली असते. वर गेन. माईकमधून येणारा अगदी क्षीण प्रवाह किती उचलायचा ते इथे ठरतं, आणि इथे चूक झाली तर खाली कितीही कसरत करा, खरखर किंवा फाटलेला आवाज जात नाही. त्याखाली लो-कट. त्याखाली वरचे, मधले, खालचे स्वर कमी-जास्त करायचे नॉब. मग मॉनिटरकडे किती आवाज जाईल ते ठरवणारे ऑक्सचे नॉब, आणि सगळ्यात खाली फेडर, ज्याच्याकडे सगळे बघतात. लो-कटबद्दल माझं आणि काकांचं वाजलं. ते बटण दाबलं की साधारण शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं ओसरतं. स्टेजवरच्या पावलांचा धप्प आवाज, वाऱ्याचा घुमारा, माईक हाताळल्याचा गडगडाट, सगळं गायब. उत्तम. पण काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तो खर्जात उतरून मंद्र षड्जावर गेला की एकोणसत्तर. म्हणजे पहाटे उठून खर्ज भरून मिळवलेला स्वर आपण एका बटणाने कापायचा? काका हसले. "ताई, तुमच्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरमधून सत्तर हर्ट्झ यायचे का? तरी तुम्हाला खर्ज ऐकू येत होताच ना?" हे खरं आहे. मूळ स्वर गाळला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान तो स्वतः भरून काढतो. तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो तो तिथे खराखुराच असतो, हा खर्ज मात्र नसताना ऐकू येतो. तरीही माझं म्हणणं मी सोडलं नाही, आणि पुरुष गायकाच्या वेळी काकांनी ते बटण न दाबता वर ठेवलं. ठेवलं असं ते म्हणाले, एवढं मी म्हणू शकते.

त्या संध्याकाळी आणखी एक करमणूक झाली. तानपुरा म्हणून हल्ली एक यंत्रही वाजत असतं, त्याची पी-३८ची, म्हणजे वाद्यांच्या वायरीला असते ती जाड, पिन लावली आणि सगळ्या स्पीकरांतून हम्म सुरू झालं. विजेचा हम्म आपल्याकडे पन्नास हर्ट्झचा, आणि त्याचा पहिला उपस्वर शंभरचा. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याचा मंद्र पंचम अठ्ठ्याण्णवच्या आसपास. म्हणजे महावितरणही सुरात होतं, किंचित चढ्या पंचमात. तंबोरा जुळवायला बसलेल्या मुलीने खरोखरच एक खुंटी अर्धा फेरा पिळली आणि मग कपाळाला हात लावला. काकांनी डीआय बॉक्सवरचं, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीवरचं, ग्राउंड लिफ्टचं छोटं बटण सरकवलं आणि पंचम गेला. पोरं उरलेल्या केबली हात आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळत होती, त्यांना ओरडा बसला तो वेगळाच. कोपरावर गुंडाळली की आतल्या तारांना पीळ पडतो आणि सहा महिन्यांनी भर मैफिलीत खरखर सुरू होते, तेव्हा पोरं पळालेली असतात.

हे सगळं बघताना राहून राहून वाटत होतं की या टेबलाआधी हे काम कोण करत होतं? गायकच करत होता. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी पहिल्या ध्वनिमुद्रिका दिल्या तेव्हा माईक नव्हताच, एक मोठा कर्णा होता. त्याच्या तोंडाशी किती जवळ बसायचं हाच फेडर. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं तोवर जगभर हीच रीत होती: दांडगं वाद्य मागे, नाजूक वाद्य पुढे, आणि गळा मोठा झाला की डोकं मागे घ्यायचं. पुढे मुंबईच्या स्टुडिओंमध्ये अख्खा वाद्यवृंद एका दालनात बसवून मोजक्या माईकांवर गाणी मुद्रित व्हायची तेव्हाही, मिनू कात्रकांसारख्या ध्वनिमुद्रकांचं निम्मं काम कोण कुठे बसतो हे ठरवण्यात असायचं. नंतर हात लावून काही बदलणार नव्हतं. एका व्हायोलिनवाल्याची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा. आमच्या संगीत नाटकांत तर कर्णाही नव्हता. बालगंधर्वांचा गळा पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत उघड्या हवेतून जायचा, आणि न गेला तर तो माणूस तसं स्पष्ट सांगायचा. मग फूट माईक आले, टांगलेले माईक आले, आणि नटांना कुठे उभं राहून बोललं तर ऐकू जातं हे पायाखालच्या फळ्यांवरून पाठ झालं. माईकमुळे गळे बारीक झाले अशी तक्रार मी लहानपणापासून ऐकते. ती थोडी खरी आहे. पण कानाशी कुजबुजल्यासारखं भावगीत हजार माणसांसमोर गाता येणं, हे माईकशिवाय झालंच नसतं. ते सोडायला मी तयार नाही.

जुन्या पिढीतले गायक माईकसमोरही डोकं हलवून स्वतःचं मिक्सिंग करत. तार षड्जाला मान मागे, कुजबुजीला पुढे. माईकच्या अगदी जवळ गेलं की खालचे स्वर फुगतात, हे त्यांना कुठल्या पुस्तकात न वाचता माहीत होतं, आणि खर्जाला ते जवळ यायचे ते उगाच नाही. आता कम्प्रेसर नावाची सोय आहे. मोठा आवाज आपोआप दाबला जातो, लहान वर आणता येतो. निवेदनाला तो हवाच. ख्यालाला लावला की मला चिडल्यासारखं होतं. पुकार लांबून येत येत अंगावर यायला हवी, तिला दारातच अडवून बसवून ठेवलं तर ती पुकार कसली. काका कम्प्रेसर लावतात पण इतका हलका, की तो फक्त अपघात वाचवतो. रिव्हर्बवर, म्हणजे यंत्राने घातलेल्या घुमाऱ्यावर, मात्र आमचं एकमत आहे. आलापीच्या वेळी गायकांना तो हवाहवासा असतो. प्रत्येक स्वर जरा रेंगाळतो, तानपुऱ्यावर तानपुरा चढल्यासारखं वाटतं. पण घुमारा दोन सेकंदांचा असेल आणि तान सेकंदाला आठ स्वरांची असेल, तर कुठल्याही क्षणी आधीच्या सोळा स्वरांची शेपटं हवेत लोंबकळत असतात. द्रुत सुरू झाली की काका नकळत तो खाली आणतात. पहाटे मी त्यांचं ते बोट बघत होते. एकदाही कुणी स्टेजवरून तक्रार केली नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही.

म्हणजे दाखवून केलेल्या गोष्टीने समाधान झालं आणि न दाखवता केलेलं कुणाला कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर, केबली गोळा होत असताना, मी काकांना सतरा नंबरचं विचारलंच. त्यांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाले, "तिचा आवाज तिच्या मॉनिटरमध्ये होता तो शेवटच्या टोकाला होता. आणखी वाढवला असता तर शिट्टी मारली असती." मी म्हटलं, मग नाही म्हणायचं. "गाताना मधेच नाही म्हणायचं? पहिल्या दहा मिनिटांत?" आणि मग, खाली वाकून मल्टिकोअरचा, म्हणजे स्टेजवरच्या सगळ्या वायरी एकत्र आणणाऱ्या जाड केबलीचा, खोका बंद करत, जणू फारसं महत्त्वाचं नाही अशा आवाजात: "उजव्या हाताने सतरा फिरवला. डाव्या हाताने तिच्या मॉनिटरमधली पेटी कमी केली. तुम्ही उजवा हात बघत होतात." पेटी आणि गळा एकाच पट्टीत, एकाच स्वरांवर चाललेले असतात, पेटी गळ्याला झाकते. पेटी थोडी खाली आली की गळा न वाढवता वर येतो. शास्त्र म्हणून हे शंभर टक्के बरोबर आहे. स्टेजवर सगळे सतत वाढवा म्हणतात: तबलजीला गळा हवा, मग गायिकेला तबल्यावरून स्वतःचा गळा हवा, मग पेटीवाल्याला दोघांवरून पेटी. सगळ्यांचं ऐकलं तर मॉनिटरचाच आवाज मैदानात सांडायला लागतो. तेव्हा एकाने वाढवा म्हटलं की दुसऱ्याचं काहीतरी काढून घ्यायचं.

पण काकांनी तेव्हा खरंच पेटी कमी केली होती, की माझ्या प्रश्नावर त्यांना हे उत्तर सुचलं? मी उजवाच हात बघत होते. डाव्या हाताबद्दल माझ्याकडे फक्त त्यांचा शब्द आहे. आणि समजा पेटी कमी केलीही असेल, तर पेटीवाल्याच्या वाट्याला काय गेलं? त्याचं गाणं त्याला न विचारता बदललं गेलं. मला हे पूर्ण पटलेलं नाही. तरी पुढच्या वेळी मी स्टेजवर असेन आणि तानपुरा मागेन, तेव्हा काकांनी हात वर करून दाखवावा असंच मला वाटेल, हेही खरं.

कार्यक्रम सव्वासहाला सुरू झाला होता आणि सात वाजायच्या आत मैदानापासून बऱ्याच लांबच्या सोसायटीतून फोन आला, की आवाज कमी करा, इथे बोललेलं ऐकू येत नाही. मैदानाशेजारच्या इमारतीतून मात्र एकही तक्रार नाही, उलट गॅलरीत चहा घेऊन माणसं बसलेली. मला वाटलं, कुणीतरी उगाच खोडी काढतंय. काकांनी फोन घेतला, माफी मागितली आणि लांबच्या रांगांसाठी लावलेले स्पीकर जरा जमिनीकडे झुकवले. रात्रभरात जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार असते आणि वर त्यामानाने उबदार थर असतो. उबदार हवेत आवाज किंचित जलद जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि भलतीकडे उतरतो. ऊन वर आलं की हा प्रकार थांबतो. त्या सोसायटीतल्या गृहस्थांना अहिरभैरव खरोखरच आमच्याहून स्पष्ट ऐकू येत असेल. ते लांबचे स्पीकरही एक प्रकरणच आहे. स्टेजवरचा आवाज चाळीस मीटर जायला साधारण ११७ मिलिसेकंद घेतो, वायरमधून मात्र तत्काळ पोचतो. तेव्हा मागच्या स्पीकरांना तेवढं थांबवून ठेवायचं, वर दहा-पंधरा मिलिसेकंद आणखी. कान ज्या दिशेने आवाज आधी येतो तीच दिशा खरी मानतो. हे हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली मोजून दाखवलं, आणि त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या आजींना डोक्याजवळच्या खांबावरून येणारं गाणं स्टेजवरूनच येतंय असं वाटतं. आजी स्टेजकडे बघून मान डोलावत होत्या. फसवणूक म्हणायची तर हीही आहे, आणि हिच्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

यंदा कार्यक्रम पहिल्यांदाच यूट्यूबवर थेट दाखवला. मंडळातल्या तरुणांनी मिक्सरमधून एक वायर काढून लॅपटॉपला जोडली आणि काम झालं असं समजून मोबाइलवर फोटो काढायला गेले. दुपारी परदेशातल्या नातेवाइकांचे निरोप यायला लागले. गळा सुरेख, पण तबला कुठे गेला? आणि लोक होते की नाही, टाळ्यांचा आवाजच नाही? साहजिक आहे. मैदानात तबला स्टेजवरून स्वतःच्या बळावर पोचतो, म्हणून मिक्सरवर तो कमीच ठेवलेला असतो. वायरमधून गेलं ते फक्त मिक्सरवरचं. तीन तास नुसता गळा, लांब कुठेतरी टकटक, आणि प्रत्येक समेनंतर मिट्ट शांतता. टोरांटोच्या आत्याने तर विचारलं, गाणं पडलं का रे? काकांचं म्हणणं असं की पुढच्या वेळी लॅपटॉपकडे जाणारं मिक्सिंग वेगळं करायचं, त्यात तबला वर घ्यायचा, आणि स्टेजच्या दोन्ही कडांना लोकांकडे तोंड करून दोन माईक लावायचे. दाद यायला हवी, "वा" यायला हवं, मुलांचं रडणंही थोडं आलं तर चालेल.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. मी काकांचा कागद वाचून दाखवला. दोन माईक, दोन स्टँड, केबल, एक जास्तीचा माणूस. खजिनदारांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "प्रेक्षकांना माईक? कशासाठी? ते गाणार आहेत का?"